पोपच्या हातून निसटलेली सत्ता कुणाच्या हातात गेली?

जर्मनीत नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला सुरुवातीलाच नगरपालिकेत आपला पत्ता नोंदवावा लागतो. त्या फॉर्मवर धर्माचा एक रकाना असतो. वसईच्या कॅथलिक किंवा अहिल्यानगरच्या प्रोटेस्टंट घरातला तरुण तिथे खरं ते लिहून टाकतो आणि पुढच्या पगाराच्या स्लिपवर त्याला एक अनोळखी वजावट दिसते: चर्च कर. आयकराची जी रक्कम होते तिच्या ८ किंवा ९ टक्के. हिंदू सहकाऱ्याच्या स्लिपवर ही ओळ नसते. मग प्रश्न पडतो की चर्चची वर्गणी सरकार का गोळा करतं?

सुट्ट्यांचा घोळ तर आणखी गमतीचा. हॅम्बुर्गच्या ऑफिसला ३१ ऑक्टोबरची सुट्टी, म्युनिकच्या ऑफिसला १ नोव्हेंबरची. देश एक, कंपनीही एक, तरी दिवस वेगळे. ३१ ऑक्टोबर हा प्रोटेस्टंटांचा, म्हणजे पोपला न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथांचा, धर्मसुधारणा दिन, १ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा सर्व संतांचा दिवस. कोणत्या राज्यात कोणती सुट्टी, हे बऱ्याच अंशी सोळाव्या शतकात तिथल्या राजाने काय ठरवलं यावर अवलंबून आहे. प्रजेने काय ठरवलं यावर नाही.

शाळेच्या इतिहासात आपण धर्मसुधारणा चळवळ तीन वाक्यांत शिकलो: चर्च भ्रष्ट होतं, मार्टिन ल्यूथरने आवाज उठवला, युरोप मुक्त झाला. पहिली दोन वाक्यं ढोबळमानाने चालतील. तिसऱ्यात बरीच गडबड आहे. पोपच्या हातून सुटलेली सत्ता आधी राजांच्या खिशात गेली. सामान्य माणसापर्यंत जे पोचलं, ते फार उशिरा आणि बऱ्याचदा कुणाच्या मनात नसताना.

१५१७ च्या आधी चर्च म्हणजे नेमकं काय होतं?

चर्च म्हणजे रविवारच्या प्रार्थनेची इमारत, असं डोक्यात धरलं तर पुढचं काहीच कळणार नाही. तुमच्या गावातलं देवस्थान, तलाठ्याची चावडी, लग्नाची नोंदणी, कोर्ट, शाळा, दवाखाना आणि सगळ्यात मोठी इनाम जमीन हे सगळं एकाच संस्थेकडे आहे, आणि तिचं मुख्यालय परदेशात आहे, अशी कल्पना करा. पश्चिम युरोपात चर्च साधारण तसं होतं. पिकाचा दहावा हिस्सा त्याला जायचा. लग्न कायदेशीर आहे की नाही, हे त्याचं न्यायालय ठरवायचं. पाद्री आणि मठवासी राजाच्या कोर्टात उभे राहायचे नाहीत, बहुतेक करही भरायचे नाहीत.

जर्मनी नावाचा एकसंध देश तेव्हा नव्हता. पवित्र रोमन साम्राज्य या भारदस्त नावाखाली शेकडो संस्थानं, स्वतंत्र शहरं आणि बिशपांच्या जहागिऱ्या होत्या. वर एक सम्राट असे, आणि त्याला सात जण निवडून देत. त्यातले तीन आर्चबिशप होते, म्हणजे बिशपांचेही वरिष्ठ. धर्मगुरू हा राजकारणी होताच; वेगळं व्हायची गरज कुणाला वाटत नव्हती.

माफीपत्रांचा धंदा कसा चालायचा?

ल्यूथरचं भांडण सुरू झालं ते माफीपत्रांवरून. चर्चची शिकवण अशी की पापाची कबुली दिली की देव क्षमा करतो, पण शिक्षा उरते. ती या जन्मात फिटली नाही तर मेल्यावर शुद्धिस्थानात भोगावी लागते, आणि मगच स्वर्ग. ही उरलेली शिक्षा कमी करण्याचा अधिकार चर्चने स्वतःकडे घेतला होता. पुण्यकृत्य करा किंवा दान द्या, आणि सूट मिळवा. पुढे मेलेल्या आई-बापांच्या नावानेही सूट मिळू लागली. कागदावर ते दान होतं. बाजारात ती विक्री होती.

१५१४ मध्ये आल्ब्रेख्त नावाच्या सरदारपुत्राला माइन्झचं आर्चबिशपपद मिळालं. सम्राट निवडणाऱ्या सात मतांपैकी एक मत या पदाला होतं. त्याने वयाची पंचविशीही गाठली नव्हती, आणि माग्डेबुर्गचं आर्चबिशपपद आधीच त्याच्याकडे होतं. नियमाने दोन्ही गोष्टी चालत नव्हत्या. नियम वाकवायला रोमला मोठी रक्कम द्यावी लागली आणि ती त्याने आउग्सबुर्गच्या फुगर या सावकार घराण्याकडून कर्जाऊ घेतली. कर्ज फेडायचं कसं? पोप दहावा लिओ याने परवानगी दिली की आल्ब्रेख्तच्या मुलखात माफीपत्रं विकावीत. निम्मा पैसा रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, निम्मा फुगरांच्या कर्जफेडीला. लोकांना सांगितलं गेलं फक्त बांधकामाचं.

विक्रीचं काम योहान टेट्झेल या धर्मोपदेशकाकडे होतं. पेटीत नाणं खणकन वाजलं की आत्मा शुद्धिस्थानातून उडालाच, अशा आशयाचा प्रचार गावोगाव चालायचा. विटेनबर्गमध्ये त्याला मज्जाव होता, म्हणून तिथले लोक हद्द ओलांडून शेजारच्या मुलखात जायचे आणि कागद घेऊन परतायचे. आणि विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकवणारा मठवासी प्राध्यापक होता मार्टिन ल्यूथर.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने ९५ मुद्द्यांचं लॅटिन टिपण आल्ब्रेख्तलाच पाठवलं. चर्चच्या दारावर हातोड्याने कागद ठोकणारा ल्यूथर सगळ्या चित्रांत दिसतो, पण ते खरंच घडलं का याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. पत्र मात्र नक्की गेलं. आल्ब्रेख्तच्या व्यवहाराची आतली बाजू ल्यूथरला तेव्हा माहीत नव्हती, असं दिसतं. त्याने हात घातला तो शिकवणीला, पण धक्का बसला तिजोरीला.

त्याच्या म्हणण्यात इतकं स्फोटक काय होतं?

पुढच्या तीन वर्षांत माफीपत्रांचा मुद्दा मागे पडला आणि ल्यूथर मुळाशी गेला. त्याचं म्हणणं दोन वाक्यांत मावतं. माणूस देवाच्या कृपेने तरतो, ती श्रद्धेने मिळते, दान-यात्रा-उपवासांच्या हिशेबाने नाही. आणि श्रद्धा ठेवणारा प्रत्येक जण देवापुढे पुरोहितच आहे. पाद्री हे काम आहे, वेगळी जात नाही.

दुसरं वाक्य धर्माचं वाटतं, पण त्याचा हिशेब राजकारणात होतो. पाद्री वेगळा नसेल तर त्याला करमाफी का? त्याचं वेगळं कोर्ट कशाला? मठाच्या जमिनींची मालकी कुणाची? १५२० मध्ये ल्यूथरने जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलं की पोप चर्च सुधारत नसेल तर तुम्ही सुधारा. सत्तेला इतकं सोयीचं निमंत्रण क्वचितच मिळतं.

असं बोलणारा तो पहिलाच होता का?

नाही. प्रागचा यान हुस शंभर वर्षं आधी बरंचसं हेच म्हणत होता. जर्मन राजा सिगिस्मंडने सुरक्षिततेची हमी देऊन त्याला कॉन्स्टान्सच्या धर्मपरिषदेला बोलावलं आणि ६ जुलै १४१५ रोजी तिथेच त्याला जिवंत जाळलं.

ल्यूथर वाचला त्याचं एक कारण छापखाना. गुटेनबर्गच्या तंत्राला साठ-सत्तर वर्षं झाली होती आणि ल्यूथर छोट्या, खमंग जर्मन पुस्तिका लिहिण्यात वस्ताद निघाला. त्याने केलेला बायबलमधल्या नव्या कराराचा जर्मन अनुवाद सप्टेंबर १५२२ मध्ये आला आणि डिसेंबरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. पण सगळं श्रेय छापखान्याला देण्याची आजकालची आवड मला पटत नाही. छापखाने व्हेनिस आणि पॅरिसमध्येही होते, जर्मन शहरांपेक्षा कमी नव्हते.

दुसरं कारण जास्त निर्णायक होतं: फ्रेडरिक, सॅक्सनीचा संस्थानिक. सम्राट निवडणाऱ्या सातांपैकी हाही एक. गंमत म्हणजे त्याच्याकडे संतांच्या अस्थी-अवशेषांचा १९ हजारांच्या आसपास वस्तूंचा संग्रह होता आणि त्यांचं दर्शन घेणाऱ्यांनाही शुद्धिस्थानातून सूट मिळायची. म्हणजे ल्यूथरचा मालकही त्याच धंद्यात होता! तरीही आपल्या विद्यापीठाचा प्राध्यापक रोमच्या हवाली करायचा नाही, हा त्याचा हट्ट होता. १५२१ मध्ये वोर्म्सच्या सभेत ल्यूथरने सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर माघार घ्यायला नकार दिला, तेव्हा परतीच्या वाटेवर फ्रेडरिकच्याच माणसांनी खोटंखोटं अपहरण करून त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवलं. हुसला असा फ्रेडरिक मिळाला नव्हता.

राजांना यातून काय मिळालं?

जमीन, पैसा आणि हुकूमत. १५२५ मध्ये ट्यूटॉनिक या लढवय्या धर्मसंघाच्या प्रमुखाने ल्यूथरपंथ स्वीकारला आणि संघाची प्रशियातली जमीन स्वतःच्या घराण्याची जहागीर करून टाकली. शेकडो वर्षांचं धर्मादाय वतन एका सहीने खाजगी झालं. पुढे जर्मनी एक करणारी प्रशिया ती हीच.

इंग्लंडात आठव्या हेन्रीने आधी ल्यूथरविरुद्ध ग्रंथ लिहून पोपकडून ‘धर्मरक्षक’ ही पदवी मिळवली. मग घटस्फोटावरून पोपशी बिनसलं. १५३४ मध्ये संसदेकडून त्याने स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवून घेतलं आणि १५३६ ते १५४० या काळात सुमारे ८०० मठ बंद करून त्यांची मालमत्ता राजकोषात जमा केली. त्यातली बरीच जमीन नंतर सरदार आणि व्यापाऱ्यांना विकली गेली. आता कॅथलिक धर्म परत आणायचा म्हणजे या मंडळींच्या शेतांना हात लावायचा. तो कोण लावणार? त्या पदवीची आद्याक्षरं मात्र ब्रिटिश नाण्यांवर आजही आहेत, पोपने दिलेली असूनही.

जर्मन संस्थानांत रक्तपात झाल्यावर १५५५ मध्ये आउग्सबुर्गचा तह झाला. प्रत्येक संस्थानाचा धर्म तिथला राजा ठरवणार, कॅथलिक किंवा ल्यूथरपंथी. ज्या प्रजेला तो मान्य नसेल तिने मालमत्ता विकून चालतं व्हावं. आज क्रूर वाटणारी ही सवलत त्या काळात उदार होती, कारण आधी पर्याय चितेचा होता. सुट्ट्यांचा नकाशा मुख्यतः इथून आला.

चर्च कराची वाट थोडी लांब आहे. ल्यूथरपंथी संस्थानांत राजाच चर्चचा मुख्य झाला आणि पाद्री त्याच्या पगारावर आले. नेपोलियनच्या काळात, १८०३ मध्ये, कॅथलिक बिशपांच्या जहागिऱ्याही राज्यांनी गिळल्या. मालमत्ता घेतली म्हणजे चर्च पोसण्याची जबाबदारीही आली. ती जड वाटू लागली तेव्हा एकोणिसाव्या शतकात राज्यांनी सभासदांवरच कर बसवला. १९१९ च्या वायमार संविधानाने राज्याचा अधिकृत धर्म रद्द केला पण कर ठेवला, आणि १९४९ च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे जर्मनीच्या आजच्या संविधानात, ती कलमं जशीच्या तशी आली. कर नको असेल तर सरकारी कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याची नोंद करावी लागते. २०२२ या एका वर्षात ५ लाखांहून अधिक कॅथलिकांनी ती केली.

आणि सामान्य माणसांनी ल्यूथर वाचला तेव्हा?

तेव्हा काय झालं, याला २०२५ मध्ये ५०० वर्षं झाली, आणि जर्मनीत त्याचं मोठं स्मरण झालं. दक्षिण आणि मध्य जर्मनीतले शेतकरी १५२४-२५ मध्ये उठले. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन शहरात त्यांनी १२ मागण्यांचं पत्रक तयार केलं. आमचा पाद्री आम्हीच निवडू. धान्याच्या दशमांशातून त्याचा पोटापुरता खर्च भागवू आणि उरलेलं गोरगरिबांना देऊ. सरदारांनी बळकावलेली गायरानं आणि जंगलं गावाला परत द्या. घरातला कर्ता मेल्यावर विधवा-पोरांकडून कर घेणं बंद करा. आणि ख्रिस्ताने रक्त सांडून सगळ्यांनाच सोडवलं, धनगरालाही आणि सर्वांत मोठ्या माणसालाही, मग आम्ही कुणाचे वेठबिगार कसे?

शेवटचं कलम मला सगळ्यात देखणं वाटतं: यातली एखादी मागणी बायबलविरुद्ध आहे असं कुणी बायबलमधून दाखवून दिलं, तर ती आम्ही मागे घेऊ. वोर्म्सला ल्यूथर सम्राटासमोर हेच बोलला होता. शेतकऱ्यांनी फक्त त्याची पद्धत वापरली. दोन महिन्यांत या पत्रकाच्या वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

ल्यूथरने सुरुवातीला दोन्ही बाजूंना झापलं; सरदारांनाही सांगितलं की तुमच्या पिळवणुकीमुळेच ही वेळ आली. पण किल्ले आणि मठ जळू लागले तेव्हा त्याची लेखणी फिरली. बंडखोरांना जमेल त्याने, जमेल तसं, उघड किंवा लपून मारा, असं त्याने छापून सांगितलं. मे १५२५ मध्ये फ्रांकेनहाउझेनजवळ थोमास म्युंट्झर या बंडखोर पाद्र्याच्या मागे उभे राहिलेले हजारो शेतकरी कापले गेले. संपूर्ण बंडात ७० हजार ते १ लाख माणसं मेली असा अंदाज सांगितला जातो. श्रद्धेतलं स्वातंत्र्य आणि शरीराचं स्वातंत्र्य या वेगळ्या गोष्टी आहेत, असं ल्यूथर म्हणत राहिला. ते त्याच्या शिकवणीशी सुसंगत होतं हे मान्य. पण त्या दिवसांत ते कुणाच्या सोयीचं होतं हेही उघड आहे.

याच माणसाने १५४३ मध्ये ज्यूंची सिनेगॉग आणि घरं जाळावीत असं लिहिलं. चारशे वर्षांनी नाझींनी ते आनंदाने उद्धृत केलं. धर्मसुधारक म्हणून त्याच्या नावापुढे हात जोडताना हे बाजूला ठेवता येत नाही.

मग शाळा, दवाखाने? तो फायदा खरा नाही का?

खरा आहे, आणि तो ल्यूथरच्या विचारातूनच आला. प्रत्येकाने बायबल वाचायचं तर प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे. १५२४ मध्ये त्याने शहरांच्या नगरसेवकांना लिहिलं की बंदुका, रस्ते, पूल, बंधारे यांवर दरवर्षी इतका खर्च करता, तर पोरांना शिकवायला एखाद-दुसरा मास्तर का ठेवत नाही? मुलींच्या शाळाही त्याने मागितल्या. १६१९ मध्ये वायमार संस्थानाने मुलं-मुली दोघांनाही शाळा सक्तीची केली. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्च कायद्यानंतर पाद्री घरोघर जाऊन वाचनाची परीक्षा घेऊ लागला. तिथे अठराव्या शतकात गरीब शेतकरीणही वाचू शकायची, लिहिता येत नसलं तरी.

गरिबांच्या मदतीचं स्वरूपही बदललं. भिकाऱ्याला नाणं देणं हे पूर्वी दात्याच्या पुण्याचं खातं होतं. दानाने पुण्य साठत नाही असं ठरल्यावर प्रश्न उरला तो फक्त गरिबाचा. सॅक्सनीतल्या लाइझनिग गावाने १५२३ मध्ये सामाईक पेटी ठेवली. तिला चार कुलपं होती, आणि किल्ल्या सरदार, नगर परिषद, शहरवासी आणि शेतकरी यांच्याकडे एकेक. चौघं जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही! या योजनेइतकी लोकशाही त्या शतकात फार थोड्या ठिकाणी सापडेल. पण जुन्या देणग्या पेटीत टाकायला नगर परिषदेनेच टाळाटाळ केली आणि ल्यूथर चिडून पत्रं लिहीत राहिला. हेसचा संस्थानिक फिलिप याने मात्र हाइना इथल्या मठाचं १५३३ मध्ये गोरगरिबांसाठी रुग्णालय केलं, आणि तिथे आजही रुग्णालय आहे.

अर्थात याची दुसरी बाजू होतीच. भीक मागणं गुन्हा ठरलं. ‘आपल्या गावचा गरीब’ आणि ‘बाहेरचा भिकारी’ असा भेद सरकारी झाला.

बायकांचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा. १५२५ मध्ये ल्यूथरने मठ सोडून आलेल्या काथारीना फोन बोरा हिच्याशी लग्न केलं आणि पाद्र्याचं कुटुंब ही नवीनच गोष्ट युरोपला दिसली. लग्नाचे खटले बहुतेक ठिकाणी राजाच्या नेमलेल्या कोर्टात गेले, आणि व्यभिचारासारख्या कारणाने घटस्फोट शक्य झाला. पण लग्नाशिवाय सन्मानाने, शिकून-सवरून जगण्याची एकच वाट बाईला होती, ती म्हणजे जोगिणींचा मठ. तीच बंद झाली. न्यूरेनबर्गची मठप्रमुख कारितास पिर्कहाइमर हिने नगर परिषदेशी वाद घालून आपला मठ टिकवला. नव्या मुली घ्यायला मनाई झाली, आणि शेवटची जोगीण वारल्यावर तोही संपला.

धर्मस्वातंत्र्य तरी यातूनच आलं ना?

आलं, पण सुधारकांनी ते दिलं नाही. जिनिव्हात जॉन कॅल्विन या सुधारकाने शिस्तीचं आदर्श नगर उभारलं. तिथेच २७ ऑक्टोबर १५५३ रोजी मिकेल सेर्वेतुस या विद्वानाला ख्रिस्ती त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांत नाकारल्याबद्दल जाळण्यात आलं. झुरिचमध्ये काही तरुण म्हणाले की बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या मर्जीने घ्यावा. ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण जन्मतः सगळे एका चर्चचे हीच राज्याची पायाभरणी होती. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला जानेवारी १५२७ मध्ये सुधारक नगरसभेनेच लिमाट नदीत बुडवून मारलं.

सेर्वेतुसच्या मृत्यूनंतर बाझेलच्या सेबास्टियन कास्टेलियोने लिहिलं, की माणसाला मारणं म्हणजे सिद्धांताचं रक्षण नव्हे, ते माणसाला मारणंच. त्या वेळी ऐकणारे कमी होते. मग फ्रान्समध्ये १५७२ च्या सेंट बार्थोलोम्यू दिनी प्रोटेस्टंटांचं हत्याकांड झालं. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात जर्मनीचे कित्येक प्रदेश ओस पडले. शेवटी वेस्टफालियाच्या तहात ठरलं की चर्चची मालकी आणि प्रजेची उपासना १६२४ साली जिथे जशी होती तशी राहील, आणि राजाने पंथ बदलला म्हणून प्रजेला बदलावं लागणार नाही. दमलेल्या लोकांनी काढलेली तडजोड होती ती.

यापुढचं पाऊल टाकलं ते ज्यांना सगळ्यांनीच झोडपलं त्या छोट्या पंथांनी. रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी, म्हणजे कडक शिस्तीच्या इंग्लिश प्रोटेस्टंटांनी, हाकललं. त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं आणि तिथे सरकारने धर्मात लक्ष घालायचं नाही असं ठरलं. सत्ता हातात यायची शक्यता नसलेल्यांना स्वातंत्र्याची किंमत लवकर कळते, असं दिसतं.

प्रोटेस्टंट म्हणजे प्रगत, कॅथलिक म्हणजे मागास?

हा समज मॅक्स वेबर या समाजशास्त्रज्ञापर्यंत जातो. १९०४-०५ मध्ये त्याने मांडलं की कॅल्विनपंथीयांच्या शिस्तीने आणि काटकसरीने भांडवलशाहीची मनोवृत्ती घडवली. लोकांनी त्याचं सोपं करून टाकलं: प्रोटेस्टंट म्हणून श्रीमंत. पण फ्लॉरेन्स आणि व्हेनिसच्या पेढ्या ल्यूथरच्या आधीच्या, आणि फुगर तर कट्टर कॅथलिक. पुढच्या संशोधकांपैकी अनेकांना प्रोटेस्टंट भागांची आघाडी मुख्यतः साक्षरतेतून आलेली दिसते. मलाही ते जास्त पटतं, कारण साक्षरता मोजता येते, मनोवृत्ती नाही.

शिवाय कॅथलिक चर्चही बदललं. १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंटच्या परिषदेने माफीपत्रांचा बाजार बंद केला आणि पाद्र्यांच्या शिक्षणासाठी शाळा काढायला लावल्या. १५४० मध्ये मान्यता मिळालेल्या जेझुइट संघाने युरोपभर उत्तम विद्यालयं उभी केली. इंग्लंडात कॅथलिकांना जगणं अवघड झाल्यावर थॉमस स्टीफन्स नावाचा तरुण रोमला जाऊन जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. १६१६ मध्ये त्याचं ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं. आपल्या भाषेतल्या या काव्यामागे आठव्या हेन्रीच्या भांडणाचा धागा असा येतो. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाला शिक्षा करणारं न्यायालय, हेही चालू होतं, हेही त्याच चर्चचं काम.

महाराष्ट्रात हे कुठे भेटतं?

ल्यूथरपंथात पुढे भक्ती आणि सेवेवर भर देणारी एक लाट आली, तिचं केंद्र जर्मनीतलं हाले. तिथे शिकलेले दोघे धर्मप्रचारक १७०६ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या खर्चाने तमिळनाडूच्या तरंगंबाडीला आले. त्याच मिशनचा श्वार्ट्झ पुढे तंजावरच्या भोसले दरबारात वावरला आणि दुसऱ्या सरफोजीराजांच्या शिक्षणावर त्याची देखरेख होती. सरफोजी हिंदूच राहिले, पण गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्लंडच्या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

इंग्लंडात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध क्वेकर आणि इव्हँजेलिकल या प्रोटेस्टंट गटांतली मंडळी लढली. त्यांचा नेता विल्बरफोर्स याच्याच गटाने १८१३ च्या सनदी कायद्यात मिशनऱ्यांना भारताचं दार उघडून घेतलं. त्याच वर्षी प्युरिटनांच्या परंपरेतले अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. कंपनी सरकारला ते नकोच होते, कारण व्यापारात धर्माची कटकट नको. १८२४ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींची शाळा काढली. अहमदनगरची त्यांची मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्यात १८४८ मध्ये स्वतःची सुरू केली. फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांनी धर्म बदलला नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हा मुद्दा तेवढा त्यांनी आपल्या अनुभवातून, कितीतरी धारदार करून मांडला.

न्यायमूर्ती रानड्यांनी तर वारकरी संतांची चळवळ आणि युरोपातली धर्मसुधारणा यांची तुलनाच केली: लोकभाषा, पुरोहितांचा कमी झालेला दबदबा, सामान्य माणसाची प्रतिष्ठा. साम्य खरं आहे. पण रानड्यांच्या तुलनेत फ्रेडरिक आणि हेन्री बसत नाहीत. संतांच्या अभंगांच्या जोरावर कुणा राजाने देवस्थानांच्या जमिनी जप्त केल्या नाहीत, धर्मपीठाचं कोर्ट बंद केलं नाही. विचार बदलले, वतनं राहिली. युरोपात त्या काळात उलटाही प्रकार पुष्कळ झाला, आधी वतनं बदलली आणि विचार मागून आले.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन पंथाचा, म्हणजे आठव्या हेन्रीच्या चर्चचा. तिथल्या बिशपांनी त्यांना काय मानावं, कुणाला शिकवावं हे सांगायला सुरुवात केली. तेव्हा रमाबाईंनी कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मी नुकतंच मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय. पाद्री म्हणतात ते सगळं देवाची आज्ञा समजून तसंच दुसरं जोखड घ्यायची माझी तयारी नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढताना त्यांनी पैसा अमेरिकेतल्या निरनिराळ्या पंथांच्या लोकांकडून उभा केला. आयुष्याच्या शेवटच्या काळात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा मराठी अनुवाद केला, आणि तो केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापला गेला. खिळे जुळवण्यापासूनची कामं तिथल्या बायकाच करायच्या.